दुसरी मोटार आणि पेटीची सायकल

मध्यमवर्गीय संसारात पहिली मोटार येते ती गरजेपोटी. दुसरी येते ती बहुधा सोयीच्या नावाखाली. घरातील एकजण पहिली मोटार कचेरीस घेऊन गेला की मुलांना शाळेत कोणी पोहोचवावे, भाजी कशी आणावी, असे प्रश्न उभे राहतात. आणि त्यांचे उत्तर म्हणून अंगणात, अंगण नसल्यास रस्त्यावर, दुसरी मोटार उभी राहते. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील आपल्या मराठी वस्त्यांतही हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. युरोपातील काही शहरांत याच प्रश्नाला एक निराळे उत्तर सापडले आहे. विजेची मालवाहू सायकल हे ते उत्तर होय. तिची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच या महिन्याचा हेतू.

डच भाषेत हिला ‘बाकफीट्स’ म्हणतात. शब्दाचा अर्थ सरळ आहे : पेटीची सायकल. हँडल आणि पुढचे चाक यांच्या मधल्या जागेत एक ऐसपैस पेटी असते. तिच्यात मुलांसाठी छोटे बाक, त्यांना बांधावयाचे पट्टे आणि पावसाकरिता वर पारदर्शक छत. पेटी जमिनीलगत असल्याने ओझे खाली राहते व तोल सांभाळणे सोपे जाते. काही सायकलींना पुढे दोन चाके असतात. त्या उभ्या असताना कलंडत नाहीत, परंतु वळणावर वेग कमी करावाच लागतो. विजेचे यंत्र २५० वॅटचे. पायडल मारले तरच ते मदत करते आणि वेग ताशी २५ किलोमीटर झाला की थांबते, असा तिकडील कायदा आहे. धडधाकट माणूस सतत पायडल मारताना सुमारे १०० वॅट शक्ती खर्च करतो. म्हणजे चालविणाऱ्याच्या दिमतीला आणखी दोन-अडीच माणसे दिल्यासारखे झाले.

ही कल्पना मुळात जुनीच. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंड-डेन्मार्कमधील पाववाले आणि खाटीक अशाच सायकलींवरून घरोघर माल पोहोचवीत. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि या सायकली अडगळीत गेल्या. पुढे १९७१ साली कोपनहेगनमधील रिकाम्या लष्करी बराकींत ख्रिस्तियानिया नावाची वसाहत वसली. तेथे मोटारींना मज्जाव. मग सामान आणि मुले न्यावयाची कशी? या गरजेतून तेथील लार्स एंग्स्ट्रॉम या कारागिराची तीनचाकी पेटीची सायकल १९८४ साली बाजारात आली. आज त्या शहरात दोन मुले असलेल्या दर चार कुटुंबांपैकी सुमारे एकाकडे मालवाहू सायकल आहे.

माझा एक माजी विद्यार्थी नेदरलंड्समधील उत्रेख्त येथे सहकुटुंब राहतो. त्याने दुसरी मोटार विकून अशी सायकल घेतली. लांबच्या प्रवासासाठी पहिली मोटार ठेवली आहे. त्याने पत्रातून कळविले, “सर, आमची शाळा, पाळणाघर, बाजार हे सारे तीन किलोमीटरांच्या आत आहे. मोटारीला जेवढा वेळ लागे तेवढ्याच वेळात सायकल पोहोचते, कारण मोटार उभी करावयास जागा शोधावी लागत नाही.” चोरीची भीती मात्र त्याने लपविली नाही, दोन कुलुपे आणि विमा यांवाचून निभाव लागत नाही म्हणे. त्याच्या मातोश्री इंदुराहून तिकडे गेल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी लेकाला सुनावले, “अरे, पोरांना ठेल्यावर घालून नेतोस काय? तू भाजी विकतोस की नोकरी करतोस?” पंधरवड्यानंतर मात्र त्यांच्याच ध्यानात आले की मुले बापाच्या नजरेसमोर बसून वाटभर गप्पा मारतात, मोटारीत ती मागे बसून पेंगत असत.

त्या माउलीच्या पहिल्या बोलण्यात आपल्या समाजाचे एक मर्म आहे. सायकलवरून ओझे वाहणे आपण नित्य पाहतो. दूधवाल्याचे कॅन, गॅसच्या टाक्या, मुंबईच्या डबेवाल्यांचे डबे हे सारे सायकलवरूनच आजवर फिरत आले. पण ते काम गरिबाचे, अशी आपली पक्की समजूत. वीस किलोंच्या लेकराला शाळेत पोहोचविण्यासाठी आठशे-नऊशे किलोंचे लोखंड हलविणे आपल्याला प्रतिष्ठेचे वाटते. पन्नास किलोंच्या सायकलने तेच काम करणे कमीपणाचे वाटते.

आता थोडे गणित. अशा सायकलची बॅटरी साधारण ५०० वॅट-तासांची, म्हणजे अर्ध्या युनिटाची असते. तेवढ्यात सुमारे चाळीस किलोमीटरांचा प्रवास होतो. ओझे अथवा चढ असल्यास कमी. विजेचा खर्च चार-पाच रुपये. तेवढ्याच अंतराला शहरातील गर्दीत लहान मोटार अडीच लिटर पेट्रोल सहज पिते. परंतु गणिताची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चांगली पेटीची सायकल तिकडे चार ते सात हजार युरोंना पडते. आपल्याकडे त्या पैशांत लहान मोटारच येते. शिवाय २०२४ साली नेदरलंड्समध्येच एका प्रसिद्ध कंपनीच्या सायकलींचे सांगाडे तुटू लागल्याने सरकारी यंत्रणेला त्यांची विक्री थांबवावी लागली. तेव्हा नव्या वस्तूपुढे डोळे मिटून हात जोडावेत, असे मुळीच नाही.

तथापि किंमत हा खरा अडसर नव्हे. विजेची साधी सायकल आपल्याकडे तीस-चाळीस हजारांत मिळते. २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरांची मर्यादा पाळणाऱ्या अशा सायकलीस परवानाही लागत नाही. खरा अडसर रस्ता आहे. डच लोक जन्मजात सायकलस्वार आहेत, हाही एक भ्रमच. महायुद्धानंतर तेथेही मोटारींचा पूर आला आणि १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. आपली मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली लेख लिहिला : ‘मुलांची हत्या थांबवा’. तेच नाव घेऊन आईबापांची चळवळ रस्त्यावर उतरली. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारला रविवारी मोटारींवर बंदी घालावी लागली आणि मोकळे रस्ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर पुढील काही दशकांत सायकलींचे वेगळे मार्ग बांधले गेले. आधी रस्ता सुरक्षित झाला, मग आईबापांनी लेकरांना पेटीत बसविले. हा क्रम उलटा करता येणार नाही.

सरकारी शाळेचा मुख्याध्यापक म्हणून हा विषय मला दुरून पाहता येत नाही. दुसरी मोटार घेणारे पालक म्हणतात, “रस्त्यावर काय भरवसा! सायकलवर मुलाला कसे पाठवायचे?” त्यांचे भय खरे आहे. पण माझे विद्यार्थी पायीच येतात, नाहीतर सायकलने. गावात पुढची शाळा नसलेल्या मुलामुलींना मध्यप्रदेश शासन सायकली देते. त्या सायकलींना चालावयास बाजूला वाट मात्र नसते. ज्या रस्त्याच्या भीतीने एक कुटुंब दुसरी मोटार घेते, त्याच रस्त्यावर ती मोटार आणखी थोडी गर्दी करते. आणि ज्याच्या घरी पहिलीही मोटार नाही, त्याच्या मुलीला तेवढेच अधिक कडेला सरावे लागते.

म्हणून वाचकांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दुसऱ्या मोटारीचा विचार घरात चालू असेल, तर आठवडाभर एका वहीत नोंद ठेवावी : कोण, कोठे, किती किलोमीटर, बरोबर ओझे किती. पाच किलोमीटरांच्या आतल्या खेपा किती निघतात ते शनिवारी रात्री मोजावे. आणि आपल्या प्रभागात रस्तारुंदीची चर्चा निघेल, तेव्हा नगरसेवकाला विचारावे की या वाढलेल्या रुंदीतून सायकलींना आणि पायी चालणाऱ्या मुलांना किती फूट मिळणार. उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.