डिमर घेण्यापूर्वी

घरातील वृद्धांना रात्री उठताना डोळ्यांवर प्रखर उजेड येऊ नये, म्हणून शयनगृहात डिमर बसवण्याचा विचार योग्यच आहे. मात्र पुष्कळदा तो बसवताच दिवा लुकलुकू लागतो. दोष बहुधा डिमरचा नसतो. दिवा व डिमर यांची जोडी जुळलेली नसते.

साधा एलईडी दिवा डिमरला साथ देत नाही, म्हणून वेष्टनावर ‘डिमेबल’ हा शब्द आधी शोधावा. त्यानंतर भार पाहावा. जुन्या पिवळ्या दिव्यांच्या डिमरला ठरावीक किमान भार लागतो. 9 वॅटचा एकटा एलईडी त्यास अपुरा पडतो. एलईडीसाठीचाच डिमर मागावा, त्याची किमान व कमाल वॅटमर्यादा वाचावी आणि शक्य तर दुकानातच दोन्ही जोडून, अगदी मंद करून पाहावे. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला लावू नये.

बसवण्याचे काम परवानाधारक वायरमनकडेच सोपवावे. मुख्य स्विच बंद केल्यावरही तारेत वीज नाही, याची खात्री त्याने करून घ्यावी. चार पैशांची बचत 230 व्होल्टच्या तारेवर करू नये. डिमर किंचित कोमट होणे स्वाभाविक आहे. जळका वास आल्यास मात्र तो तत्काळ बंद करावा.