जुनी गिटार, खोटी पावती

पार्सलवर दोनशे डॉलर लिहिलेली गिटार वाटेत फुटली, तर भरपाई दोनशे डॉलरच्या हिशेबानेच मिळते. तुम्ही खरे दोन हजार मोजलेले का असेनात. एवढी साधी गोष्ट कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवाल्यांना सांगता सांगता माझा घसा कोरडा पडतो, कारण तो दोनशेचा आकडा त्यांनीच सांगून लिहून घेतलेला असतो. जकात वाचते ना!

माझं काम वाद्यदुरुस्तीचं. वडील भजनी मंडळांच्या पेट्या सुरात लावायचे, मी पेट्यांच्या जोडीला गिटारी धरल्या. नेरळपासून खोपोलीपर्यंत मुंबईकरांची शनिवार-रविवारची घरं झाली आणि त्या घरांच्या भिंतींवर जुन्या गिटारी लटकू लागल्या. बऱ्याचशा जपानमधून येतात. तिथल्या लिलावात बाहेरच्या माणसाला थेट बोली लावणं अवघड, म्हणून मध्ये दलाल. तो आपल्या वतीने बोली लावतो, माल स्वतःच्या गोदामात उतरवून घेतो, बांधतो, पाठवतो आणि दर पायरीला पैसे घेतो.

पावसाच्या तोंडावर कडावकडचे एक गृहस्थ अशीच एक गिटार घेऊन आले. सत्तरच्या दशकातली, गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारीची जपानी नक्कल. जाहिरातीत तिला ‘लॉसूट गिटार’, म्हणजे खटल्यातली गिटार, म्हटलं होतं. 1977 साली गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, जपानी आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर फिलाडेल्फियात दावा लावला होता. भांडण गिटारीच्या डोक्याच्या आकाराचं होतं. दावा त्या एकाच वितरकावर. आज मात्र त्या काळातली कुठलीही जपानी नक्कल याच नावाने चढ्या भावात खपते.

मी तारा सैल केल्या, भिंग लावलं. डोक्याच्या खाली, तारा टेकतात त्या पट्टीच्या म्हणजे नटच्या मागे, केसाएवढी रेघ दिसली. या धाटणीच्या गिटारीचं डोकं मागे कललेलं असतं, त्यामुळे ती पडली की नेमकी तिथेच मोडते. अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरली तेव्हा बाकीचं रोगण एकसारखं उजळलं आणि रेघेभोवती काळपट पट्टा तसाच राहिला. म्हणजे मोडलेली, चिकटवलेली आणि वरून रंगवलेली. अशा गिटारीच्या वाजण्यात फारसं काही बिघडत नाही, पण किंमत निम्म्यावर येते.

गृहस्थांनी जाब विचारला, पण दलालाचं उत्तर ठरलेलं होतं: आम्ही विकत नाही, तुमच्या वतीने घेतो, अटी वाचा. विकणाऱ्याच्या लेखी त्याचं गिऱ्हाईक तो दलालच. कडाव कुठे आहे याच्याशी त्याला काय देणंघेणं?

कायदा नाही असं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आमच्यासाठी अलिबागला, तीही ऑनलाइन. 2020 चे ई-कॉमर्स नियम परदेशात बसून इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांनाही लागू आहेत. आता अलिबागचा निकाल जपानमध्ये वसूल कसा करायचा, हा डोंगर पुढचा. आमचे गृहस्थ तिथवर पोचलेच नाहीत. वकिलाने पहिल्यांदा पावती मागितली. पार्सलवर लिहिलं होतं: वापरलेली गिटार, भेट, दोनशे डॉलर. लाखभराचा दावा करायचा तर आधी कस्टम्सला दिलेली माहिती खोटी होती हे कबूल करायला हवं, आणि सीमाशुल्क कायद्यात खोट्या किमतीचा माल जप्त करण्याची तरतूद आहे. तसं लिहायची विनंती करणारी मेल दलालाने जपून ठेवली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. फसवणारा दलाल आपल्याला कायद्यापासून वाचवत नाही, आपणच त्याला वाचवतो. ‘भेट’ लिहून तर आता काहीच साधत नाही. डिसेंबर 2019 पासून टपाल-कुरिअरने भेट म्हणून विनाजकात माल आणणं बंद आहे; सूट उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. गिटार राखीत बसत नाही.

पण सगळा दोष गिऱ्हाईकाच्या माथी मारणार नाही. आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात भांडवली यंत्रं सोडून बाकी वापरलेला माल ‘निर्बंधित’ आहे, म्हणजे आणायला परवाना हवा. परदेशी भंगार इथे येऊन पडू नये हा हेतू रास्तच. पण त्याच ओळीत 1964 सालची फेंडर गिटारही बसते. एका गिटारीसाठी परवान्याच्या मागे कोण लागणार? मग माणूस पळवाट शोधतो आणि दलाल ती तयारच ठेवतो. स्वतःला वाजवायला, वर्षाला एक जुनं वाद्य, खरी किंमत लिहून आणि पूर्ण जकात भरून बिनपरवाना आणू द्या. सरकारचा महसूल वाढेल आणि फसलेल्याला तोंड उघडता येईल.

लाकडाच्या बाबतीत मात्र मी सरकारच्या बाजूने आहे. मार्टिन कंपनी 1969 पर्यंत डी-28 गिटारीला ब्राझीलचं रोजवूड वापरायची, नंतर आपल्याकडचं शिसव घेऊ लागली. ब्राझीलचं ते झाड 1992 पासून दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे निघताना आणि पोचताना दोन्हीकडचे परवाने लागतात. जंगल राखायचं तर हा जाच सोसावा. दलाल लाकडाबद्दल मोघम बोलला, की तिथेच थांबावं.

वडिलांच्या वेळीही फसवाफसवी होतीच. देशी सूर बसवलेली पेटी ‘जर्मन सूर’ म्हणून गळ्यात मारायचे. वडील मंडळाच्या बुवांना घेऊन गिरगावात जायचे, दुकानातच पेटी उघडायला लावायचे आणि वाद तिथल्या तिथे मिटायचा. आता पेटी समुद्रापलीकडे असते. तरी माल दलालाच्या गोदामात आहे तोवर तिथल्या एखाद्या कारागिराकडून तपासून घेता येतो. आवाजाच्या बटणाखाली आत असलेल्या पॉटवरचे आकडे फोटोत मागवता येतात. अमेरिकी पॉट असेल तर त्यात पॉटचा कारखाना, साल आणि आठवडा असतो. पैसे बँकेतून न पाठवता कार्डाने भरले, तर निदान बँकेकडे दाद मागता येते. तपासणीला चार पैसे जास्त जातात म्हणून लोक कुरकुरतात, लाखाच्या वस्तूसाठी!

कडावच्या गृहस्थांनी तक्रार केली नाही. मी तारा बदलून, मान सरळ करून गिटार परत दिली. आता ती विकावी असं त्यांच्या मनात आहे. मोड सांगून विकली तर निम्मेच येतील आणि न सांगता विकायची असेल तर माझं नाव घेऊ नका, असं त्यांना सांगून ठेवलंय.