नऊ जणींचा संघ

फुटबॉलच्या नियमांत एक बारीक कलम आहे. संघात अकरा खेळाडू असतात हे सगळ्यांना ठाऊक असते; पण मैदानात सातपेक्षा कमी असतील तर सामना सुरूच करता येत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या एका लहान महाविद्यालयात मी मुलींचे गट चालवते. तिथल्या मुलींच्या संघाचा यंदाचा हंगाम याच अकरा आणि सातच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होता.

हंगाम म्हणायचे, एवढेच. प्रत्यक्षात दोन सामने. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडतात, तो पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. पण ही पहिली पायरी बहुधा बाद पद्धतीची. हरलात की घरी. पावसाळ्यात अठरा जणींनी नावे दिली होती. पहिला सामना अकरा जणी खेळल्या आणि जिंकल्या. दुसऱ्याला नऊच आल्या. पूर्ण वेळ पळाल्या, चार गोलांनी हरल्या. लगेच निकाल लागला : "मुलींना आवडच नाही हो. पुढच्या वर्षी संघ पाठवायचा का ते बघू."

ही 'आवड' काय चीज आहे ते पाहावे म्हणून गळलेल्या नऊही जणींना मी भेटले. एकीला घरच्यांनी कापूस वेचायला बोलावून घेतले होते. दोघी गंगापूरकडून एस.टी.ने येतात; सराव संपेपर्यंत त्यांची गाडी निघून जाते. एकीला त्याच दिवशी पाहुणे बघायला येणार होते. एकीच्या चुलत्याने तिला अर्ध्या चड्डीत पाहिले. दोघींची पाळी होती आणि मैदानाजवळ संडास नाही. (बाकीच्या मुली सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे मला तेव्हा कळले.) एकीची आई म्हणाली, "पाय मोडला तर कोण करून घेईल हिला?" ही बाई स्वतः पहाटेपासून दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करते, तिला नुसते मागासलेली म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही. नववीने मात्र सरळ सांगितले, कंटाळा आला. म्हणजे नऊ जणींत आवड नसलेली एक.

आवडीची ही सबब जुनीच आहे. इंग्लंडमध्ये 26 डिसेंबर 1920 रोजी बायकांचा सामना बघायला 53,000 माणसे आली होती. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना योग्य नाही असे ठरवले. बंदी घातली ती कशावर? मैदानांवर. संलग्न क्लबांनी आपली मैदाने बायकांना द्यायची नाहीत, असा ठराव झाला आणि तो जवळजवळ पन्नास वर्षे टिकला. आपल्याकडे असा ठराव कोणाला करावा लागला नाही. संध्याकाळी कुठल्याही सार्वजनिक मैदानावर जाऊन पाहा, मुली कडेला उभ्या दिसतील, त्याही भावाची वाट पाहत.

मुंब्र्यात 'परचम' या गटाच्या मुली 2012च्या सुमाराला फुटबॉल खेळू लागल्या. त्यांनी नुसते खेळायचे ठरवले नाही, सह्या गोळा करून मुलींसाठी मैदान मागितले. मला त्यांचा चेंडूपेक्षा हा अर्ज मोलाचा वाटतो. जुलै 2025 मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 असे हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले असतील. पण त्या खेळाडूंना कुणीतरी कुठेतरी मैदान दिले होते.

आपल्या संघटनांच्या मागण्यांत रेशन आहे, दारूबंदी आहे, हुंडा आहे, मैदान नाही. बैठकीत विषय काढला तर "आधी मोठे प्रश्न" असे ऐकायला मिळते. अहो, रात्री एकट्या बाईने रस्त्यावर का फिरू नये यावर आपण मोर्चे काढतो, मग दुपारी पाच वाजता पोरीने मैदानात का पळू नये हा लहान प्रश्न कसा? आमखाससारख्या मैदानावर, जिथे शहराचा फुटबॉल वर्षानुवर्षे खेळला जातो, आठवड्यातले तीन दिवस एक तास मुलींचा असावा. संडास आणि पाणी असावे. सराव शेवटच्या सोयीच्या एस.टी.आधी संपावा. आणि बाद पद्धतीऐवजी साखळी सामने ठेवावेत, म्हणजे एका दिवशी नऊ जणी आल्या म्हणून वर्ष बुडणार नाही.

अर्जाचा मसुदा तयार आहे. महाविद्यालयाचे अंदाजपत्रक ठरायच्या आत तो द्यायला हवा. त्या दिवशी खेळलेल्या नऊ जणींपैकी पाच जणी शेवटच्या वर्षाला आहेत.