दादी पाणी का पीत नाहीत?

मागच्या रमजानमधली गोष्ट. आमच्या नात्यातल्या एका दादींना घरच्यांनी रोजे न ठेवण्याविषयी समजावले. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले, वर डायबिटीसच्या गोळ्या. दादींनी ऐकले. पण रोजा नसूनही त्या दिवसभर पाण्याला हात लावत नाहीत, हे सुनेच्या लक्षात आले. एका दुपारी चक्कर येऊन पडता पडता वाचल्या. डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला. आम्ही जवळ बसून विचारले तेव्हा हळूच म्हणाल्या, "पाणी प्यायलं की उठावं लागतं. दर वेळी सुनेला हाक मारायची लाज वाटते गं. तिचे हात पिठात असतात."

त्या घरात दादींना कोणी वेडेवाकडे बोलत नाही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. तरीही त्या तहानलेल्या राहिल्या, कारण संडासला जाण्यासाठी लागणारा आधार त्यांना दर वेळी मागावा लागत होता. मागायचा संकोच वाटला म्हणून त्यांनी गरजच कमी केली.

असा आधार फक्त म्हातारपणी लागतो असे नाही. २०११च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती, त्यांत सुमारे १ कोटी १८ लाख स्त्रिया. त्यांपैकी कुणी चार वर्षांची आहे, कुणी चाळीस वर्षांची. वयाप्रमाणे त्यांची गरज बदलते आणि घराची परीक्षाही.

लहान मुलीचे उदाहरण घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला अम्मी भरवते, न्हाऊ घालते, कडेवर घेऊन शाळेत सोडते. मुलगी बारा-तेरा वर्षांची होते, पाळी सुरू होते आणि बहुतेक घरांत तिथेच शाळा सुटते. कपडा बदलायला शाळेत कोण, हा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर मुलीला घरात बसवणे हे नाही. शाळेतल्या एखाद्या बाईशी आधीच बोलून ठेवता येते. मुलीलाही जमेल तेवढे शिकवता येते आणि आपल्याला कोणी हात लावायचा, कोणी नाही, हेही समजावता येते. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात काढण्यात आली, कारण सांगितले गेले पाळीच्या स्वच्छतेचे. त्यावर मोठे वादळ उठले. आज २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांग व्यक्तीच्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करण्यास मनाई केली आहे. काळजी घेणाऱ्याची सोय हा मुलीच्या शरीरावरचा हक्क होत नाही.

दुसरी स्त्री मधल्या वयाची. पक्षाघात झाला किंवा पाठीच्या कण्याला मार बसला. कालपर्यंत ती सगळ्यांचे करत होती, आज तिचे कोणी करायचे? आमच्या पाहण्यात असे घडते की माहेरून बहीण येते, नाही तर दहावीतल्या मुलीची शाळा बुडते. शौहर दाराशी उभे राहून "काही हवं का?" विचारतात. पत्नीला अंघोळ घालण्यात, तिचे कपडे बदलण्यात पतीला कसला पडदा? प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत, असे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितले आहे. हाताला सवय नाही, एवढीच अडचण असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे काम रात्रीही असते. एकट्या बाईने ते किती दिवस करायचे?

मदिनेतील एका स्त्रीची हदीस आहे. तिची मनःस्थिती ठीक नव्हती. तिने प्रेषितांना (स.) थांबवून आपले काम आहे म्हटले. तुला हवी ती गल्ली निवड, असे तिला सांगून ते तिच्यासोबत गेले आणि तिचे काम होईपर्यंत थांबले. जागा तिने निवडली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. आपण मदत करतो, पण केव्हा आणि कशी हे तिला विचारत नाही.

काही गोष्टी कागदावरच्याही आहेत. कायद्याने आता २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. ४० टक्के किंवा अधिक प्रमाण असल्यास बऱ्याच योजनांचे दार उघडते. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख कायद्यात आहे. त्याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलीला १८ वर्षे पूर्ण झाल्यावर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातील स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. आपल्यानंतर हिचे कोण, हा प्रश्न प्रत्येक अम्मीला रात्री झोपू देत नाही. तो आपल्या हयातीतच भावंडांसमोर बोलून टाकावा. आणि वारशातला तिचा हिस्सा तिचाच आहे. "तिला काय कळतं, आम्ही सांभाळूच की" म्हणत तो भावांच्या नावे करून घेणे हा जुलूम आहे.

दादींच्या घरी पुढे काय झाले? सर्वांनी बसून त्यांनाच विचारले. त्यांनी नमाजच्या पाच वेळा सांगितल्या. आता प्रत्येक अजानच्या थोडे आधी कोणीतरी स्वतःहून येते, त्यांना संडासला नेते, मग नळाजवळच्या स्टुलावर बसवून वुजू करवते. नमाज त्या खुर्चीवर बसून पढतात. फज्रची पाळी मुलाची, जुहर आणि असर सुनेची, मगरिब आणि इशाची कॉलेजातल्या नातवाची. भिंतीला एक लोखंडी दांडा बसवला, रात्रीसाठी पलंगाजवळ कमोडची खुर्ची आणली. अंघोळ मात्र सूनच घालते, कारण दादींना तसेच हवे आहे. मधल्या वेळेसाठी उशाशी घंटा ठेवली आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा दादींनी आमच्यासमोर तांब्याभर पाणी प्यायले आणि घंटा वाजवली. नातू मोबाइल ठेवून उठला.

आपल्या घरात कोणी पाणी कमी पीत असेल, तर आज तिच्याजवळ बसून विचारा.