शेंडीची दस्तुरी करा

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, नागपूर

महोदय,



हे पत्र भंडारदऱ्याबद्दल आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. काजव्यांच्या दिवसांपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, निदान शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, भंडारदरा जलाशयाच्या फेरीवर पर्यटकांच्या खासगी गाड्या सोडू नका. आम्हाला शेंडी गावातच उतरवा. पुढं गावकऱ्यांच्या जीपमधून न्या, नाहीतर एसटीच्या छोट्या बसमधून. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढं चालू लागायचं, हे महाराष्ट्रातल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तसंच भंडारदऱ्यालाही व्हावं. दरवर्षी पावसात गाडी काढून तिकडं जाणाऱ्यांपैकी मी एक आहे, त्यामुळे या नियमाचा काच मलाही बसणार आहे.

ही फेरी आपल्याला नकाशावर पाठ असेल. शेंडीहून निघालं की मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर; तिथून वळून साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. मधोमध प्रवरेवरच्या धरणाचा जलाशय. धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. एका अंगाला १,६४६ मीटरचं कळसूबाई, दुसऱ्या अंगाला रतनगड, आणि घाटघरला जमीन एकदम संपून खाली कोकण. जुलैमध्ये या सगळ्या डोंगरांवरून पाणी उतरतं. त्यातल्या दोन-चार धबधब्यांनाच पर्यटकांनी नावं दिली आहेत, कुणी ‘नेकलेस’ म्हणतं, कुणी आणखी काही. बाकीच्यांना नाव नाही आणि त्याची गरजही नाही, कारण दर वळणावर एक नवा दिसतो. साम्रदजवळ कड्याच्या तोंडाशी वारा असा काही लागतो की खाली पडणारं पाणी माघारी उडून आपल्याच तोंडावर येतं. अशा जागेला माणसं येणारच. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मुंबईकराला कसाऱ्याचा घाटही आडवा येईनासा झाला. आता येणारी माणसं कमी होण्याची आशा कुणी धरू नये.

माणसांबद्दल माझी तक्रारही नाही. मी गाड्यांबद्दल लिहितो आहे.

कोलटेंभ्याच्या अलीकडं रस्ता खाचरांच्या मधून जातो. जुलैतल्या एका रविवारी दुपारी तिथं दोन्हीकडून येणाऱ्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या होत्या. मागं घेणार कोण, यावर काचा खाली करून शेलक्या शब्दांत चर्चा चालू होती. एका पांढऱ्या एसयूव्हीनं वाट काढायला म्हणून डावीकडं घेतलं. मागचं चाक बांधावर चढलं, बांध बसला आणि खाचरातलं पाणी भळाभळा खालच्या खाचरात उतरू लागलं. आवणी चालू होती. दोन बायका डोक्यावर भाताच्या रोपांच्या मुठी घेऊन, प्लास्टिकचा कागद पांघरून, रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. मुठींतून पाणी ठिबकत होतं. बंपरला बंपर भिडलेले, त्यामुळे त्यांना पाय टाकायला फट नव्हती. त्यातल्या वयस्कर बाईनं शेवटी मुठी खाली ठेवल्या, पदर खोचला, खाचरात उतरून हातानंच चिखल ओढून बांध लिंपायला घेतला. गाडीतला मुलगा खिडकीतून तिचा व्हिडिओ काढत होता. त्याला दोष देत नाही. त्याच्या जागेवरून ते दृश्य खरंच चांगलं दिसत असणार. ती मात्र कुणाकडं बघतही नव्हती. आवणीचे दिवस मोजके, रोप उपटलं की लावायलाच हवं, आणि पाणी तर निघून चाललेलं.

पंधरा ऑगस्टच्या सुमाराला, धरण भरल्याची बातमी आली की, पोलीस एकेरी वाहतूक लावतात. त्यांचा नाइलाज आहे. पण एकेरी वाहतुकीनं गाड्या नुसत्या एकामागोमाग फिरतात, कमी होत नाहीत. त्या दिवशी उडदावण्याच्या बाईला बाळंतपणासाठी राजूरला न्यायचं झालं, तर रुग्णवाहिकेनं कोणत्या बाजूनं यायचं? ही फेरी ज्या अभयारण्यातून जाते, ते १९८६ साली जाहीर झालं, ३६१ चौरस किलोमीटरचं. पण त्यातली महादेव कोळी आणि ठाकर मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं आहेत. घराला वासा घालायचा तरी त्यांना नियम आठवावे लागतात. ज्या रस्त्यावर गावच्या माणसाला शंभर बंधनं, त्याच रस्त्यावर पाहुण्याला तिकिटाची पावती फाडली की मोकळं रान, हे फार काळ त्यांच्या गळी उतरणार नाही. खरं तर आताच उतरत नाही.

आता काजव्यांचं. मेअखेर ते जूनचा मध्य, पहिला मोठा पाऊस बसेपर्यंत, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर काजवे लागतात. झाडच्या झाड एका तालात विझतं आणि पेटतं. हा उजेड नर-मादीचा निरोप आहे, एवढं आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. त्या निरोपाच्या मधोमध चार-चारशे मोटारींचे हेडलाइट, वर पार्किंग लाइट, त्यावर मोबाइलची बॅटरी. आपल्या विभागानं याबाबत सूचना काढल्या आहेत: झाडाजवळ जाऊ नका, गाडीचे दिवे बंद ठेवा, आरडाओरडा करू नका. सूचना योग्य आहेत. पण अंधाऱ्या घाटरस्त्यावर दिवे बंद करून गाडी चालवा, हे कुणी कुणाला सांगायचं? दिवे लावले तर काजवे गेले, नाही लावले तर माणसं दरीत. गाडी आत येऊ दिली, तिथंच हा प्रश्न न सुटणारा झाला. आणि लोक विसरतात ते असं की काजव्याचं बरंचसं आयुष्य झाडावर जातच नाही. त्याची अळी त्याच झाडाखालच्या ओल्या मातीत, पाचोळ्यात, गोगलगायी खाऊन वाढते. झाडाखाली गाडी लावून चहा पिणारा माणूस पुढच्या वर्षीचे काजवे तुडवत असतो.

एक गोष्ट मला खरोखर कळत नाही. हे सगळं आपल्या खात्याला करता येत नाही असं नाही. ताडोबाच्या गाभ्यात मी माझी गाडी घेऊन शिरू शकत नाही. नोंदणी केलेली जिप्सी, जवळच्या गावातला गाइड, ठरलेली वेळ, ठरलेल्या गाड्या, आणि उशीर झाला की दंड. लोक महिनोन्‌महिने आधी नोंदणी करतात आणि भरभक्कम पैसे मोजतात. तिथं वाघ आहे, म्हणून शिस्त आहे. इथं शेकरू, काजवा, खेकडा, आणि डोक्यावर मुठी घेतलेली बाई. म्हणून इथं नुसता नाका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चाच, तिथला आणि इथला. अभयारण्यातला प्रवेश परवानगीनं आहे, हक्कानं नाही, हे त्याच कायद्यात आहे. मग परवानगी माणसाला द्या आणि गाडीला देऊ नका, एवढंच मागणं आहे.

कासच्या पठाराचं उदाहरणही आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कास आलं आणि तिथं माणसांचा लोंढा लोटला. नंतर आधी नोंदणी, दिवसाला तीन हजारांची मर्यादा, गाड्या दूर थांबवून बस, आणि कारभारात आजूबाजूच्या गावांची समिती. कुंपण घातलं, ते चुकलं असं अभ्यासकांनी सांगितलं, मग काढलंही. ही धडपड मला आवडते. चुकत-सुधारत का होईना, कुणीतरी फुलांच्या बाजूनं विचार करत होतं. माथेरानला सगळं गोडगुलाबी आहे असंही मी म्हणत नाही. दस्तुरीवर पर्यटकांची दिशाभूल होते म्हणून २०२५ च्या मार्चमध्ये खुद्द माथेरानकरांनीच बंद पुकारला होता. घोडेवाले, रिक्षावाले, ई-रिक्षा यांच्यातला तंटा जुना आहे. म्हणजे शेंडीला नाका केला की दलाल येणार, जादा भाडं येणार, ‘आत काही बघण्यासारखं नाही, माझ्या गाडीत बसा’ म्हणणारे येणार. यावर उपाय पहिल्या दिवशीच हवा: भाडं फलकावर लिहिलेलं, नंबर लावून सुटणाऱ्या जीप, आणि नंबर लावणारा माणूस ग्रामसभेनं नेमलेला.

विरोध कुठून होईल याचा अंदाज मला आहे. शेंडीच्या हॉटेलवाल्यांकडून फारसा होणार नाही. माणूस तिथं उतरला की चहा, भजी, मुक्काम सगळं तिथंच होतं. तंबूवाल्यांकडून होईल. जलाशयाच्या कडेला रांगेनं तंबू लागतात, रात्री स्पीकर लागतात, पहाटे चिप्सची पाकिटं पाण्यावर तरंगतात. गिऱ्हाईक गाडी तंबूच्या दारात लावतं, म्हणून येतं, असं ते म्हणतील. यातले बरेच तंबू गावच्याच पोरांचे आहेत हे विसरून चालणार नाही. मुंबईला हमाली करायला जाण्यापेक्षा तंबू टाकलेला बरा, हे त्यांचं म्हणणं खोडून काढायची माझी हिंमत नाही. पण तीच पोरं जीप चालवू शकतात, आणि जीपमध्ये बसलेल्या पाहुण्याला ती जे सांगू शकतील ते कोणत्याही फलकावर मावणार नाही. काळभात कुठल्या खाचरात लागतो, रतनगडाचं नेढं कुठल्या वळणावरून दिसतं, अमृतेश्वराच्या देवळातल्या पुष्करणीत पाय का धुवायचे नाहीत. ज्या अकोले तालुक्यानं बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे दिल्या, तिथं सांगण्यासारखं काय आहे हे मुंबईहून कुणी शिकवायला नको.

आता जिवाच्या धोक्याचं. साम्रदजवळची सांदण दरी पावसात बंद ठेवता, ते बरोबरच आहे. त्या घळीत ऊन असताना शिरलेल्या माणसाला वर डोंगराकडं पाऊस पडल्याचं कळतच नाही, पाणी येतं तेव्हाच कळतं. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तीही अशीच. त्यानंतर दर पावसाळ्यात सरसकट बंदीचे आदेश निघतात, लोक मागच्या वाटेनं जातात, आणि अपघात झाला की आदेशाकडं बोट दाखवायची सोय होते. गाडीवाला एकटा येतो, हवा तिथं थांबतो, हव्या त्या ओढ्यात उतरतो. त्याला अडवायला कोण असतं? जीपचा चालक त्याच पाण्यात वाढलेला. ओढ्याचा रंग तांबूस व्हायला लागला, पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला, की तो कुणाला न विचारता हाक मारतो आणि सगळ्यांना वर काढतो.

जाता जाता, जलसंपदा विभागाशी एक बोलणं आपणच करावं. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला धबधबा मोरी उघडल्याशिवाय वाहत नाही. रंधा धबधबा तर वीजनिर्मितीसाठी पाणी वळवल्यापासून पूर्वीसारखा बारमाही राहिलेला नाही. धरणाचा सांडवा वाहिला की तो अंगात आल्यासारखा कोसळतो, एरवी घोरपडादेवीच्या देवळापाशी उभं राहून लोक ओला कातळ बघतात. पाणी कधी सुटणार हे खालच्या कालवेवाल्यांना वेळेवर कळतं. तेच शेंडीच्या फलकावर खडूनं लिहिलं, तर निम्म्या गाड्यांचा एक हेलपाटा वाचेल. हे नळाचे धबधबे बघायला इतक्या लांबून का यायचं, असं कुणी विचारू शकेल. पण मोरी उघडल्यावरचा अंब्रेला एकदा पाहिला की तो असं विचारणार नाही.

पहिल्या वर्षी सगळा हंगाम नको. काजव्यांचे दोन शनिवार-रविवार आणि पंधरा ऑगस्टची सुट्टी, एवढ्यावर करून बघा. रहिवाशांच्या, त्यांच्या सोयऱ्यांच्या, घाटघरच्या वीज प्रकल्पावरच्या आणि आजारी-म्हाताऱ्यांच्या गाड्या अर्थातच सोडाव्या लागतील. एसटीच्या अकोले आगाराला आधीच विचारा, ऐन सुट्टीत छोट्या बस मिळत नाहीत. आणि फेरीवरच्या गावांच्या ग्रामसभा वैशाखात घ्या. आषाढात बोलावल्यात तर सह्या गोळा होतील, माणसं आवणीत असतील.

कळावे.

आपला,
शेंडीला गाडी ठेवायला तयार असलेला एक पर्यटक