बंदुकीनंतरचा प्रश्न : शब्द कोणाचा मानायचा?

राज्यसंस्थेला आपले म्हणणे दोन मार्गांनी मान्य करून घेता येते : बळाने, किंवा मन वळवून. बळाचा परिणाम लगेच दिसतो आणि त्याची मोजदादही करता येते. मन वळले की नाही, हे कळायला मात्र पुष्कळ काळ जावा लागतो. बस्तरमधील माओवादविरोधी मोहीम आज या दोन मार्गांच्या सांध्यावर येऊन ठेपली आहे. पहिल्या मार्गाने जे मिळवायचे होते, ते बहुतांशी मिळाले आहे. दुसऱ्या मार्गावरची परीक्षा आता सुरू होत आहे आणि तिची तयारी रायपूरमध्ये पुरेशी झालेली दिसत नाही, ही माझी चिंता आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी रायपूरमध्येच मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली. २१ मे २०२५ रोजी नारायणपूर जिल्ह्यातील अबुझमाडमध्ये माओवादी पक्षाचा सरचिटणीस नंबाला केशव राव ऊर्फ बसवराजू मारला गेला. १५ ऑक्टोबरला गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. दोनच दिवसांनी जगदलपूरमध्ये २१० जणांनी आत्मसमर्पण केले. १८ नोव्हेंबरला आंध्र प्रदेशच्या जंगलात माडवी हिडमा मारला गेला. पाच दशकांहून जुन्या सशस्त्र चळवळीचा हा शेवटचा अंक आहे, असे मानायला आता भरपूर आधार आहे.

परंतु बंदूक खाली ठेवणारा आणि गावात राहणारा हे दोन वेगळे श्रोते आहेत. पहिल्याला जीव वाचवायचा असतो. दुसऱ्याला जमीन, जंगल, तुरुंगातला मुलगा आणि गावाशेजारी उभी राहिलेली छावणी यांच्याविषयी उत्तरे हवी असतात. पहिल्याचे मन वळवण्यात बळाचा वाटा मोठा होता, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. दुसऱ्याच्या बाबतीत बळ निरुपयोगी आहे.

श्रोत्याचे मन कशाने वळते, याची सर्वांत जुनी सुसंगत मांडणी ॲरिस्टॉटलची. वक्त्याचा युक्तिवाद, श्रोत्याच्या मनात जागणारी भावना आणि वक्त्याचे चारित्र्य ही त्याने सांगितलेली तीन साधने. त्यांतही चारित्र्य हे जवळजवळ सर्वांत प्रभावी, असे त्याचे मत होते. मात्र हे चारित्र्य भाषणातूनच प्रकट व्हावे, वक्त्याच्या पूर्वकीर्तीवर ते अवलंबून नसावे, असेही तो म्हणतो. अथेन्सच्या सभेत ते शोभून दिसत असेल. आपल्याकडच्या न्यायदर्शनाची भूमिका मला अधिक व्यवहार्य वाटते. तिथे शब्द हे प्रमाण मानले आहे, पण तो आप्ताचा असेल तर. आप्त म्हणजे ज्याला विषय प्रत्यक्ष माहीत आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो. भाष्यकार वात्स्यायन पुढे स्पष्ट करतात की ही कसोटी ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखीच लागू आहे. बोलणारा परका आहे का, हा प्रश्नच नाही. तो खरे बोलत आला आहे का, एवढेच पाहायचे.

या कसोटीवर छत्तीसगडचे सरकार कुठे उभे आहे?

युक्तिवादाची बाजू भक्कम आहे. ‘नियद नेल्लानार’ म्हणजे ‘तुमचे चांगले गाव’ या २०२४ च्या योजनेतून नव्या छावण्यांच्या परिसरातील गावांना रस्ता, वीज, शिधा, शाळा आणि दवाखाना देण्याचे काम सुरू आहे. दंतेवाड्यात २०२० पासून ‘लोन वर्राटू’, म्हणजे ‘घरी परत या’, ही मोहीम चालली. शरण येणाऱ्यांसाठी आर्थिक साहाय्य आणि कौशल्य प्रशिक्षण आहे. या योजनांना गोंडी नावे देण्यातही शहाणपण आहे. हिशोब मांडून दाखवला, तर जंगलात राहण्यापेक्षा बाहेर येणे फायद्याचे आहे, हे कोणालाही पटावे.

भावनेची बाजूही सरकारने सोडलेली नाही. नोव्हेंबरमध्ये उपमुख्यमंत्री विजय शर्मा सुकमा जिल्ह्यातील पुवर्ती या हिडमाच्या गावी गेले. हिडमाच्या वृद्ध आईने मुलाला घरी परतण्याचे आवाहन केले. त्यानंतर काही दिवसांतच तिच्या मुलाचा मृतदेह गावात आला. त्या माउलीची भावना खरी होती, याविषयी शंका घेणे क्रौर्य ठरेल. पण या प्रसंगाने भावनेची मर्यादाही दाखवून दिली. हाक आईने मारली तरी हमी सरकारलाच द्यावी लागते. परत आलो तर जिवंत राहीन आणि न्यायाने वागवला जाईन, हा भरवसा ऐकणाऱ्याच्या मनात नसेल, तर जगातली सर्वांत आर्त हाकही वाया जाते.

म्हणजे प्रश्न पुन्हा विश्वासार्हतेपाशी येतो. तिचा इतिहास या राज्यात फार दुखरा आहे. जून २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झाले. गावकऱ्यांनाच गावकऱ्यांविरुद्ध उभे केले गेले, गावे रिकामी झाली आणि लोक शिबिरांत किंवा सीमेपार आंध्रात गेले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून शस्त्रे देण्याची ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी जूनच्या अखेरीस बिजापूर जिल्ह्यातील सारकेगुडा येथे १७ जण मारले गेले. ते माओवादी होते, असे तेव्हा सांगण्यात आले. न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल आयोगाला तसा पुरावा आढळला नाही. हा अहवाल २०१९ मध्ये समोर आला आणि गावकरी अजून पुढील कारवाईची वाट पाहत आहेत. एप्रिल २०१७ मध्ये बुरकापाल येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे २५ जवान शहीद झाले. त्या खटल्यात पकडलेल्या १२१ आदिवासींची जुलै २०२२ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. तोवर ते पाच वर्षे तुरुंगात होते. ‘कायदा आपले काम करील’ हे वाक्य त्या गावांत आज कोण कसे ऐकत असेल, याची कल्पना करावी.

माओवाद्यांच्या पराभवालाही याच दृष्टीने पाहता येते. एके काळी त्यांच्याकडे ही तिन्ही साधने होती. तेंदूपत्त्याच्या दरासाठीची भांडणे हा त्यांचा युक्तिवाद होता. गोंडी गाणी आणि नाटके ही त्यांची भावना होती. आणि गावकऱ्यांबरोबर जंगलात राहून त्यांच्यासारखेच हाल सोसणे हे त्यांचे चारित्र्य होते. मग जनअदालती आल्या. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून शिक्षकांना, सरपंचांना, कोवळ्या पोरांनाही ठार मारले जाऊ लागले. गाणी तीच राहिली, पत्रकांतील तर्कही तोच राहिला. ऐकणाऱ्यांचा विश्वास उडाला. त्यांच्या ऱ्हासाची सुरुवात मी सुरक्षा दलांच्या अलीकडच्या मोहिमांपासून धरत नाही, तर तिथपासून धरतो. भूपतीने शस्त्रे सोडण्याच्या बाजूने जाहीर मांडणी केली, तेव्हा ती अनेकांना पटली. सरकार हेच म्हणणे वर्षानुवर्षे मांडत होते. त्याच्या तोंडी ते वेगळे ठरले, कारण चार दशके त्या वाटेवर चाललेला माणूस ते बोलत होता.

सरकारच्या बाजूने असा आप्त कोण? या प्रश्नाचे उत्तर रायपूरने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. २१ एप्रिल २०१२ रोजी सुकमाचे तत्कालीन जिल्हाधिकारी ॲलेक्स पॉल मेनन यांचे मांझीपारा गावातून ग्रामसुराज अभियानाच्या कार्यक्रमातच अपहरण झाले. त्यांचे दोन अंगरक्षक मारले गेले. सरकारने निर्मला बुच आणि एस. के. मिश्रा या दोन माजी मुख्य सचिवांना वाटाघाटीसाठी नेमले. माओवाद्यांच्या बाजूने प्राध्यापक हरगोपाल आणि डॉ. ब्रह्मदेव शर्मा आले. शर्मा हे सनदी अधिकारी होते आणि कोणे एके काळी याच बस्तरचे जिल्हाधिकारी होते. रायपूरमध्ये बोलणी झाली, करार झाला आणि ३ मे रोजी मेनन सुखरूप परतले. त्यांना जंगलातून घेऊन आले ते शर्मा आणि हरगोपाल.

इथे क्षणभर थांबून विचार करावा. सरकारविरुद्ध शस्त्र उचललेल्या संघटनेने ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवला, तो माणूस स्वतः सरकारी चाकरीत आयुष्य घालवलेला होता. शर्मांचे वजन त्यांच्या वक्तृत्वातून आले नव्हते. जिल्हाधिकारी असताना, पुढे अनुसूचित जाती-जमाती आयुक्त असताना आणि निवृत्तीनंतर ग्रामसभेच्या हक्कासाठी गावोगाव फिरताना त्यांनी एकच भूमिका धरली होती. तिची किंमतही मोजली होती. १९९२ मध्ये जगदलपूरमध्ये प्रस्तावित पोलाद कारखान्यांच्या समर्थकांच्या जमावाने त्यांची भर रस्त्यात विटंबना केली होती. वीस वर्षांनी राज्य संकटात सापडले, तेव्हा तेच कामी आले.

त्या कराराचा दुसरा भाग मात्र आपण विसरलो. तुरुंगातील आदिवासींच्या खटल्यांचा आढावा घेण्यासाठी निर्मला बुच यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बैठका झाल्या, पण गावाला जाणवेल असा फरक पडला नाही. पुढे २०१९ मध्ये न्यायमूर्ती ए. के. पटनायक यांची समिती नेमावी लागली, यावरूनच काय ते समजावे. जिल्हाधिकारी सुटला, त्या दिवशी सरकारने शब्दाचे चलन वापरले. त्याची परतफेड मात्र अर्धवट राहिली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. बळाचा दबाव नसता तर भूपती शरण आला असता का? नसता, असेच मलाही वाटते. ज्या जवानांनी या जंगलात प्राण दिले, त्यांच्या त्यागाशिवाय आज ही चर्चाही शक्य नव्हती. एकट्या ताडमेटल्यात, ६ एप्रिल २०१० रोजी, ७६ जवान गेले. पण दबावामुळे माणूस शस्त्र टाकतो. शस्त्र टाकल्यावर तो कोणाकडे जातो आणि तिथे टिकतो का, हे भरवशावर ठरते. जगदलपूरच्या समारंभात आत्मसमर्पितांचे स्वागत आदिवासी समाजाच्या पारंपरिक मांझी-चालकी मुखियांनी केले, ही गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. त्याच शहरात सुरू झालेल्या ‘पंडुम कॅफे’त माजी माओवादी आणि माओवादी हिंसेचे बळी एकत्र काम करतात, हेही. अशी एखादी जागा शंभर जाहिरातींहून अधिक बोलते.

मग यापुढे काय करावे? पहिली गोष्ट, शरण आलेल्यांच्या हाती पुन्हा बंदूक देण्याचा मोह टाळावा. जिल्हा राखीव दलात अशा अनेकांना घेतले गेले आहे आणि त्यांची माहिती लढाईत उपयोगी पडली, हे खरे. पण ‘शांततेने जगायला या’ असे सांगून बोलावलेल्याला काही महिन्यांत पुन्हा जंगलात लढायला पाठवले, तर आपलाच युक्तिवाद आपण खोटा पाडतो. दुसरी गोष्ट, खटले. बुरकापालसारखी प्रकरणे आणखी किती आहेत, याचा आढावा ठरावीक मुदतीत पूर्ण व्हावा आणि त्याचा निष्कर्ष संबंधित गावात, गावाच्या भाषेत वाचून दाखवावा.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट, ग्रामसभेचा नकार. पेसा कायदा १९९६ चा. छत्तीसगडने त्याचे नियम २०२२ मध्ये केले. बैलाडिलाच्या तेरा क्रमांकाच्या खाणीसाठी हिरोली गावची ग्रामसभा कागदावरच झाली, असा आरोप करीत हजारो आदिवासींनी जून २०१९ मध्ये किरंदुलला ठाण मांडले आणि सरकारला काम थांबवून चौकशीचा आदेश द्यावा लागला. छावण्या स्थिरावल्यावर खाणींचे प्रस्ताव पुढे येणारच. पोलाद लागते, रोजगारही लागतो. खाणीला सरसकट विरोध ही माझी भूमिका नाही. परंतु ग्रामसभेचा होकार ग्राह्य आणि नकार मात्र गैरसमज, असे होणार असेल, तर ती विचारपूस नव्हे, औपचारिकता ठरेल.

दिलेला शब्द पाळल्याची उदाहरणे आपल्यापाशी नाहीत, असे नाही. लोहंडीगुडा परिसरातील दहा गावांत टाटांच्या पोलाद प्रकल्पासाठी घेतलेली जमीन प्रकल्प न झाल्यामुळे २०१९ मध्ये सतराशेहून अधिक शेतकऱ्यांना परत मिळाली. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. म्हणजे प्रत्येकाचे मन वळेपर्यंत बोलत राहावे लागते. वेळ लागतो, पण झालेला निर्णय मोडत नाही.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्याच्या रौप्य महोत्सवात पंतप्रधानांच्या हस्ते नवा रायपूरमधील विधानसभेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. तिथे मारल्या गेलेल्यांचे, शरण आलेल्यांचे आणि जप्त शस्त्रांचे आकडे यापुढेही मांडले जातील. त्याच पटलावर दर अधिवेशनात आणखी एक तक्ता ठेवावा, अशी माझी सूचना आहे : कोणत्या गावाला, कोणी, कोणत्या तारखेला काय आश्वासन दिले आणि ते पूर्ण झाले का. त्याची प्रत गोंडी आणि हल्बीत त्या त्या ग्रामसभेत वाचली जावी. मार्च २०२६ ही तारीख येईल आणि जाईल. त्यानंतर बस्तरमध्ये सरकारचा शब्द किती चालतो, हे त्या तक्त्यावरून गावालाच ठरवू द्यावे.