फाशीच्या कोठडीबाहेरचा शिपाई

फाशीची शिक्षा भंडाऱ्यात सुनावली जाते, पण भंडाऱ्याच्या तुरुंगात फाशी दिली जात नाही. महाराष्ट्रात ही व्यवस्था दोनच ठिकाणी आहे: पुण्यात येरवड्याला आणि नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात. विदर्भातल्या एखाद्या सत्र न्यायाधीशाने 'मरेपर्यंत फाशी' हे शब्द उच्चारले की कैद्याची गाडी नागपूरच्या वर्धा रोडकडे वळते आणि न्यायालयाबाहेर जमलेली माणसे न्याय झाला अशा समाधानाने घरोघरी परततात. त्या भिंतींच्या आत पुढची दहा-वीस वर्षे काय चालते, याची विचारपूस करण्याचे कारण मग कोणालाच उरत नाही. मोर्च्यात 'फाशी द्या' ही घोषणा सर्वांत मोठ्याने देणाऱ्या कार्यकर्त्याला तर मुळीच नाही.

२४ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्यात हेच घडले. त्याआधी दोन वर्षे, २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी, मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात भय्यालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली होती. प्रेते कालव्यात फेकली गेली. वाद शेताचा आणि शेतातून जाणाऱ्या वाटेचा होता हे खरे. पण तात्कालिक कारण निराळे होते. सुरेखाबाईंनी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती आणि त्या प्रकरणातले आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटले होते. एका बौद्ध स्त्रीने गावातल्या बहुसंख्य जातींच्या माणसांविरुद्ध पोलिसांपुढे तोंड उघडावे, हा गावाच्या दृष्टीने खरा अपराध होता. सरकार महिनाभर ढिम्म राहिले. नोव्हेंबरात विदर्भभर दलित जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवण्यात आला. आणि त्या उद्रेकामागे नक्षलवाद्यांचा हात असावा, असा शोध राज्याच्या गृहमंत्र्यांनी लावला.

खटला अकरा जणांवर चालला. तिघे सुटले, दोघांना जन्मठेप झाली, सहा जणांना फाशी. निकालाच्या दिवशी 'सहा जणांना फाशी' या तीन शब्दांचा गजर एवढा झाला की त्याच निकालातली दुसरी बाब ऐकू येईनाशी झाली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा या प्रकरणाला लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरवले होते. स्त्रियांच्या विनयभंगाचा आरोपही सिद्ध झाला नाही आणि पूर्वनियोजित कटाचाही नाही. म्हणजे गुन्हा दुर्मिळातला दुर्मिळ, शिक्षा सर्वांत कठोर, पण जातीचा मात्र त्यात कोठे संबंध नाही! मग १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि हत्या सूडापोटी झाली, जातिद्वेषातून नव्हे, हेही पुन्हा सांगितले. फाशी गेली याचा संताप झाला. जात आधीच गेली होती, याचा संताप त्या मानाने कितीतरी कमी झाला. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या मच्छी सिंग निकालात, अनुसूचित जातीतील व्यक्तीचा खून समाजाचा क्षोभ उसळावा अशा परिस्थितीत झाला असेल तर तो दुर्मिळातला दुर्मिळ समजावा, असे म्हटले आहे. जात पुसली म्हणजे फाशीच्या शिक्षेचा हा कायदेशीर आधारही पुसला जातो. फास हे असे आवरण आहे: त्याच्याखाली शासनाला आणि न्यायसंस्थेला पुष्कळ काही झाकता येते.

त्या सहा जणांनी भंडाऱ्याच्या निकालापासून नागपूरच्या निकालापर्यंत एकवीस महिन्यांहून अधिक काळ मृत्युदंडाच्या छायेत काढला. त्यांच्याबद्दल कोणाला कणव वाटावी, असा येथे आग्रह नाही. प्रश्न त्या जागेचा आहे. १८९४ च्या इंग्रजी राजवटीतील तुरुंग अधिनियमाचे कलम ३० असे सांगते की मृत्युदंडाच्या कैद्याची तुरुंगात येताक्षणी झडती घ्यावी, त्याच्याजवळ राहू देणे धोक्याचे वाटेल ते सर्व काढून घ्यावे, त्याला इतर सर्व कैद्यांपासून वेगळ्या कोठडीत ठेवावे आणि रात्रंदिवस त्याच्यावर पहारा असावा. एका कायद्याच्या एका कलमातून जगण्याचे दोन साचे तयार झाले. एक कोठडीच्या आतला, दुसरा गजांच्या बाहेरचा.

बाहेरच्या माणसाचा विचार कोणत्याही निकालपत्रात नसतो. तो कारागृह शिपाई असतो. बहुधा शेतकऱ्याचा किंवा शेतमजुराचा मुलगा, भरतीच्या मैदानावर धावून आणि छाती मोजून घेऊन नोकरीला लागलेला. त्याला दिलेले काम नीट पाहिले तर चमत्कारिक आहे. कैद्याने पळू नये, एवढेच ते नाही. कैद्याने मरू नये, हे त्याहून मोठे काम. त्याने चादर फाडून दोरी करू नये, अन्न टाकू नये, भिंतीवर डोके आपटू नये. आजारी पडला तर डॉक्टर बोलवावा, ताप उतरवावा. ज्याला सरकार ठार मारणार आहे तो सरकारच्या हातून मरण्याआधी दुसऱ्या कशानेही मरता कामा नये, याची जबाबदारी या शिपायावर असते आणि त्यात कसूर झाली तर निलंबनही त्याचेच. वर्षानुवर्षे एकाच माणसाचे खोकणे, झोपेतले बरळणे, भेटीला आलेल्या म्हाताऱ्या आईच्या जाण्यानंतरचे गप्प बसणे हे सारे तो ऐकतो. गुन्ह्याचे कागद त्याने वाचलेले नसतात. त्याच्यासमोर असतो तो भात मागणारा, तारीख विचारणारा एक माणूस. मग एखाद्या पहाटे त्याच माणसाचे हात मागे बांधण्याचा हुकूम याच खात्यातल्या कोणाला तरी पाळावा लागतो.

२१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात अजमल कसाबला आणि ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात याकूब मेमनला फाशी देण्यात आली. या दोन्ही वेळी त्या कामासाठी खास नेमलेला माणूस महाराष्ट्राकडे नव्हता. तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांनाच ते करावे लागले. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचे दरवाजे पहाटे तीननंतर उघडले, याची चर्चा देशभर झाली. नागपुरात त्याच वेळी दोरखंडाजवळ उभ्या असलेल्या शिपायांची रात्र कशी गेली असेल, असा प्रश्न कोणी विचारला नाही. फाशीच्या बाजूने हिरिरीने बोलणाऱ्यांपैकी किती जण आपल्या मुलाला हे काम करू देतील? खटका ओढण्याचे काम समाज नेहमी दुसऱ्याच्या मुलाकडून करून घेतो, आणि तो दुसरा कोण असतो हे समाजवादी कार्यकर्त्याला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

कायद्याने या जागेत थोडा उजेड पाडला होता. ३० ऑगस्ट १९७८ च्या सुनील बत्रा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपील आणि दयेचा अर्ज हे मार्ग संपेपर्यंत कैदी कलम ३० च्या अर्थाने 'मृत्युदंडाखालील' ठरत नाही, आणि या कलमाच्या आधारे कोणालाही एकांतवास देता येत नाही. हा निकाल पाळला गेला असता तर पुढची कित्येक वर्षे तीच तक्रार घेऊन कैद्यांना न्यायालयात जावे लागले नसते. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान प्रकरणात न्यायालयाला तेच पुन्हा बजावावे लागले.

वेळेचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली. २००६ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. २०१४ मध्ये दयेचे अर्ज फेटाळले गेले. आणि जानेवारी २०२२ मध्ये सरकारच्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. पुण्याच्या २००७ मधील बलात्कार-खून प्रकरणातील दोघांची फाशी २०१९ मध्ये अशाच विलंबामुळे रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय उचलून धरला. हा विलंब कैद्याने केलेला नव्हता. फायली मंत्रालयात आणि दिल्लीत पडून होत्या. वीस वर्षे मृत्यूची वाट पाहायला लावायची आणि मग मारायचे नाही असे ठरवायचे, यात बळीच्या आप्तांनाही काही मिळत नाही. प्रत्येक तारखेला त्यांची जखम तेवढी उघडली जाते. भय्यालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी वारले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयातले अपील प्रलंबितच होते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळण्यासारखा नाही. दलितांचे मारेकरी फासापर्यंत पोहोचले तेव्हाच पुरोगाम्यांना फाशीची क्रूरता कशी आठवते? हा राग न्याय्य आहे. ज्यांच्या वस्तीवर शतकानुशतके कोणत्याही शिक्षेच्या भीतीविना हात उचलला गेला, त्यांनी सर्वांत मोठी शिक्षा मागावी यात आश्चर्य नाही. परंतु ३ जून १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाशीच्या कैद्यांच्या अपिलाचा प्रश्न निघाला असता, फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल, अशी भूमिका घेतली होती. हा देश अहिंसेचे तत्त्व मानतो, आचरणात ते नसले तरी नीतीचा दंडक म्हणून मानतो, असा त्यांचा आधार होता. जातीच्या क्रौर्याची त्यांच्याइतकी जाण त्या सभागृहात कोणाला होती? शिवाय फासाची दोरी गावातल्या सत्तेची उतरंड पाहूनच सैल-घट्ट होते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील फाशीच्या कैद्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले. शहात्तर टक्के मागास जाती-जमातींचे अथवा धार्मिक अल्पसंख्य होते. आणीबाणीत, १ डिसेंबर १९७५ रोजी, आदिलाबाद जिल्ह्यातील भूमय्या आणि किष्टा गौड या दोघा शेतकरी कार्यकर्त्यांना फासावर चढवण्यात आले. चांदा जिल्ह्याच्या सीमेपलीकडचीच ती माणसे. ते थांबावे म्हणून तेव्हा देशभर धडपडलेल्या चळवळीच्या वारसांनी आज फाशीची मागणी सवयीने करावी, हे विसंगत आहे.

खैरलांजीनंतर जे खरोखर पदरात पडले ते फासाने मिळालेले नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पूर्वी 'बळी अनुसूचित जातीचा आहे या कारणावरून' गुन्हा घडल्याचे सिद्ध करावे लागे. याच शब्दांवर असंख्य खटले आपटले. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, बळी अनुसूचित जातीचा आहे हे आरोपीला ठाऊक असणे पुरेसे ठरवले. खैरलांजीसारख्या गावात कोणाची जात कोणाला ठाऊक नसते? त्याच दुरुस्तीने कलम १५-अ घालून बळी आणि साक्षीदार यांच्या संरक्षणाचे कर्तव्य राज्यावर टाकले. सुरेखा भोतमांगे साक्षीदार होत्या. हे कर्तव्य २००६ मध्ये आंधळगावच्या पोलिसांनी ओळखले असते, तर चार माणसे जिवंत राहिली असती आणि फाशीचा प्रश्नच उद्भवला नसता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, धर्म, भाषा आदी कारणांवरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. वरकरणी हे खैरलांजीचे उत्तर वाटते. पण शब्द पाहावेत: पुन्हा 'कारणावरून' आलेच. अत्याचारविरोधी कायद्यातून मोठ्या कष्टाने काढलेला काटा येथे फासाच्या सोबतीने परत आला आहे. उद्या एखादे न्यायालय हत्या सूडापोटी झाली असे म्हणेल, तेव्हा या कलमातली फाशी कागदावर राहील आणि जात पुन्हा निर्दोष सुटेल.

फेब्रुवारी २०१३ मध्ये लाखनी तालुक्यातील मुरमाडी येथे तीन अल्पवयीन सख्ख्या बहिणींचे मृतदेह विहिरीत सापडले. महामार्ग रोखला गेला, नेते धावून आले आणि फाशीच्या घोषणांनी जिल्हा दणाणला. त्या मुलींचे काय झाले हे आजतागायत कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. फाशी द्यायला आधी आरोपी लागतो आणि आरोपी सापडायला पहिल्या चोवीस तासांत जागेचा पंचनामा, शवविच्छेदन आणि पुरावे सांभाळणे नीट व्हावे लागते. खैरलांजीतही पहिले शवविच्छेदन हलगर्जीपणे झाले होते. या गोष्टींसाठी मात्र कोणी रस्ता अडवत नाही.

भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आता मोर्च्याचे फलक बदलावेत. अत्याचारविरोधी कायद्याखाली जिल्ह्यात किती खटले पडून आहेत, कलम १५-अ खाली किती साक्षीदारांना प्रत्यक्ष संरक्षण मिळाले, किती प्रकरणांत फिर्यादी दबावामुळे फिरले, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागवून तहसीलवार प्रसिद्ध करावी. आणि विधिमंडळातील पुरोगामी प्रतिनिधींनी गृहखात्याला आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: नागपूर आणि येरवड्याच्या फाशी यार्डात बत्रा निकालाचे पालन कसे होते, आणि तेथे वर्षानुवर्षे पहारा करणाऱ्या शिपायांच्या पाळ्या, रजा आणि वैद्यकीय तपासणी यांची काय व्यवस्था आहे.